इंजिन बांधून झाल्यावर बोटीचा प्रॉपेलर कसा निवडायचा: पुणे परिसरातल्या बोटमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पवना, मुळशी, पानशेत, उजनी या पाण्यांवर बोट चालवणाऱ्या आणि इंजिन खोलून, झिजलेले भाग बदलून पुन्हा बांधून घेतलेल्या मंडळींना जे प्रश्न हमखास पडतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. बहुतेक उत्तरं पेट्रोलवर चालणाऱ्या आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर टांगलेल्या) आणि स्टर्नड्राइव्ह (इंजिन आत, पंख्याचा भाग मागे बाहेर) इंजिनांना लागू आहेत. इनबोर्ड, म्हणजे बोटीच्या आत बसवलेल्या, डिझेलचा प्रश्न वेगळा घेतला आहे.

इंजिन कालच बांधून आलं. नवा प्रॉपेलर (पंखा) लगेच घेऊन टाकू का?

नको. आधी इंजिन रनिंग-इन होऊ द्या, म्हणजे जपून चालवत नवे भाग एकमेकांशी जुळू द्या. नव्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला नीट बसेपर्यंत कॉम्प्रेशन आणि घर्षण दोन्ही बदलत राहतात. पहिल्या दिवशी फुल थ्रॉटलला (हँडल पूर्ण ढकलल्यावर) जो आरपीएम (मिनिटाला फेरे) दिसतो तो या इंजिनचा खरा आकडा नसतो, आणि त्यावर विश्वास ठेवून घेतलेला पंखा महिन्याभरात चुकीचा ठरतो. जुना प्रॉपेलर धड असेल तर तोच लावून पहिले तास काढा.

एकच अपवाद आहे. जुन्या पंख्यावर इंजिन आधीपासूनच दबून चालत होतं, फुल थ्रॉटलला कंपनीने दिलेल्या रेंजच्या खालच्या टोकालाही पोहोचत नव्हतं अशी शंका असेल, तर रनिंग-इनपुरता 2 इंच कमी पिचचा (एका फेऱ्यात कमी अंतर कापणारा, म्हणून हलका पडणारा) पंखा कुणाकडून उसना आणा. नुकत्याच बांधलेल्या इंजिनला दडपणाखाली राबवण्यापेक्षा ते थोडं मोकळं फिरलेलं कधीही चांगलं.

बोट तीच, इंजिन तेच. मग प्रॉपेलर बदलायची वेळच का यावी?

कारण जुना प्रॉपेलर बहुतेक वेळा थकलेल्या इंजिनला जुळवून घेतलेला असतो. वर्षानुवर्षं कॉम्प्रेशन उतरत जातं, बोट प्लेनवर यायला (पाण्याच्या वर उचलून सरपटायला) वेळ लावू लागते. मग कुणीतरी 19 चा पिच काढून 17 चा बसवतो, बोट परत पळायला लागते आणि ही गोष्ट सगळे विसरतात. आता इंजिनला मूळची ताकद परत मिळाली. तोच 17 चा पंखा तिला पुरत नाही, आरपीएम रेंजच्या वर जातो आणि रेव्ह लिमिटर (आरपीएमला मर्यादा घालणारी यंत्रणा) इंजिनला धक्के देऊ लागतो. जुन्या कार्ब्युरेटर इंजिनांवर लिमिटर नसेल तर तेवढाही बचाव नाही. त्याचा ताण थेट कनेक्टिंग रॉड, त्यांचे बोल्ट आणि व्हॉल्व्ह स्प्रिंग यांच्यावर येतो.

उलटंही होतं. पंखा मूळचाच जड (जास्त पिचचा) असेल, तर इंजिन मुळात खराब का झालं याचं उत्तर त्या पंख्यात असू शकतं. जास्त पिचवर इंजिन राबवणं म्हणजे भरलेली गाडी चौथ्या गिअरमध्ये वरंध घाटात चढवण्यासारखं आहे. सिलिंडरमधलं तापमान वाढतं, डिटोनेशन होतं (मिश्रण अनियंत्रितपणे भडकतं), पिस्टनचा माथा खातो, रिंगा अडकतात. वर्कशॉपमधून जुने पिस्टन मागून घ्या आणि नीट बघा. माथ्याच्या कडा खाल्लेल्या किंवा वितळल्यासारख्या दिसल्या तर जुना पंखा परत लावण्याआधी दोनदा विचार करा. लाखभर रुपये खर्चून बांधलेलं इंजिन त्याच कारणाने पुन्हा जाताना बघणं फार क्लेशाचं असतं.

0.5 मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन टाकलेत. ताकद वाढली म्हणून जास्त पिच घेऊ का?

हिशोब करून बघा. 95 मिलिमीटर बोअरचं इंजिन 95.5 केलं तर क्षमता फक्त 1 टक्क्याच्या आसपास वाढते. टॅकोमीटरवर ती दिसणारही नाही. बांधल्यानंतर जो फरक जाणवतो तो परत मिळालेल्या कॉम्प्रेशनचा, नीट बसलेल्या व्हॉल्व्हचा आणि साफ झालेल्या फ्यूएल सिस्टिमचा असतो.

वर्कशॉपवाले म्हणतात, 'स्टँडवर चार तास चालवून मोकळं करून देतो.' तेवढं पुरेल का?

पुरणार नाही, आणि त्याने नुकसानही होऊ शकतं. रिंगा बसतात त्या ज्वलनाच्या दाबाने. लोड नसलेलं इंजिन तासन्‌तास आयडलवर ठेवलं तर सिलिंडरच्या भिंतीवर होनिंगने मुद्दाम काढलेल्या बारीक रेघा गुळगुळीत होतात, रिंगा कधीच नीट बसत नाहीत आणि इंजिन ऑइल खातं. स्टँडवर इंजिनच्या पाणी ओढणाऱ्या भोकांना पाण्याचे कप लावून दहा-पंधरा मिनिटं चालवायचं ते गळती, ऑइल प्रेशर, कूलिंगचं पाणी आणि टायमिंग बघण्यासाठी. तिथे रेस कधीही करायची नाही.

खरं रनिंग-इन पाण्यात होतं. बहुतेक उत्पादक पहिले 10 तास जपायला सांगतात. नेमकं वेळापत्रक आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्या, पण त्याचं सूत्र सगळीकडे सारखं आहे. एकाच आरपीएमवर फार वेळ ठेवू नका, सतत वर-खाली करा. बोट प्लेनवर पटकन आणा आणि आल्याबरोबर थ्रॉटल कमी करा. कमी वेगात नाक वर करून ढकलत नेणं टाळा, कारण त्या अवस्थेत इंजिनवर सगळ्यात जास्त लोड असतो. पहिल्या काही तासांनंतर फुल थ्रॉटल द्यायला हरकत नसते, पण थोड्याच वेळापुरतं.

पंख्यावर 13¾ × 17 लिहिलंय. यातला कुठला आकडा बघायचा?

पहिला आकडा व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचात. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा सैद्धांतिकरीत्या किती पुढे जाईल ते अंतर. आउटबोर्ड आणि स्टर्नड्राइव्हमध्ये व्यास बहुतेक गिअरकेस (पंखा बसतो तो खालचा गिअरचा भाग) आणि पंख्याची जात यांनी ठरतो, त्यामुळे तुमच्या हातात खेळायला पिचच उरतो. 1 इंच पिच कमी केला की आरपीएम साधारण 150 ते 200 ने वाढतो, वाढवला की तेवढाच उतरतो.

फुल थ्रॉटल चाचणी नेमकी कशी घ्यायची?

या एका चाचणीवर सगळं अवलंबून आहे, म्हणून ती घाईत उरकू नका.

पहिलं काम टॅकोमीटरचं. आउटबोर्डच्या बऱ्याच टॅकोमीटरांच्या पाठीमागे पोलसंख्येचा (वीज बनवणाऱ्या भागातल्या चुंबकीय ध्रुवांचा) छोटा स्विच असतो. इंजिनच्या कामात स्टेटर किंवा अल्टरनेटर बदलला असेल आणि त्याचे पोल वेगळे असतील, तर मीटर बिनदिक्कत चुकीचा आकडा दाखवतो. मग माणूस चांगला पंखा काढून वाईट पंखा लावतो. डिजिटल टॅकोमीटरने किंवा डायग्नॉस्टिक टूलने एकदा पडताळून घ्या.

दुसरं, बोटीचं बूड. पाण्यातच उभ्या राहणाऱ्या बोटीच्या बुडाला शेवाळ धरतं आणि त्याने काही शे आरपीएम सहज खाल्ले जातात. घासून स्वच्छ करा. बिल्जमधलं (बोटीच्या तळात साचलेलं) पाणी काढा.

तिसरं, लोड. तुम्ही एरवी जसे जाता तसेच जा. सहा माणसं घेऊन फिरत असाल तर सहा माणसं बसवा, टाकी अर्धी किंवा जास्त भरलेली ठेवा. एकट्याने रिकाम्या बोटीत घेतलेली चाचणी पर्यटकांनी भरलेल्या बोटीसाठी निरुपयोगी आहे.

सकाळी वारा पडलेला असताना, पाणी शांत असताना निघा. इंजिन पूर्ण गरम झालं की सरळ रेषेत फुल थ्रॉटल द्या, ट्रिम (इंजिनचा कल) हळूहळू वर घेत वेग सर्वाधिक होईल तिथे थांबवा आणि आरपीएम वाचा. तोच पट्टा उलट दिशेने करा आणि सरासरी काढा. वेगासाठी मोबाइलचा जीपीएस पुरतो. आकडे वाचायला दुसरा माणूस हवा, चालवणाऱ्याची नजर समोरच पाहिजे. धरणाच्या पाण्यात मासेमारीच्या जाळ्यांचे फ्लोट जवळ येईपर्यंत दिसत नाहीत.

आकडा मिळाला. आता पिच कसा ठरवायचा?

मॅन्युअलमध्ये फुल थ्रॉटलची रेंज दिलेली असते. समजा ती 5000 ते 6000 आहे. नेहमीच्या लोडला इंजिन 5600 ते 5900 मध्ये पोहोचलं तर पंखा योग्य. 5200 च मिळाले आणि इंजिन निरोगी आहे याची खात्री असेल, तर 2 इंच पिच कमी करा, म्हणजे 5500 ते 5600 पर्यंत याल. लिमिटर लागत असेल तर पिच वाढवा, पण एका वेळी 1 किंवा 2 इंचच.

रेंजच्या अगदी तळाशी बसणारा पंखा मला पसंत नाही, आकडा 'रेंजमध्ये' असला तरी. चार माणसं जास्त बसली किंवा उन्हाळा तापला की तो रेंजच्या बाहेर जातो. ताज्या इंजिनला वरच्या अर्ध्या भागात ठेवा. सर्वाधिक वेगात थोडं नुकसान होईल, पण इंजिन जास्त वर्षं टिकेल.

आरपीएम कमी येतोय. दोष पंख्याचा की इंजिनच्या कामाचा?

हा प्रश्न न विचारता पंखा बदलणं हा सगळ्यात महागडा प्रकार आहे. कमी पिचचा पंखा इंजिनचा आजार झाकतो, बरा करत नाही. म्हणून आधी प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. आकडे एकमेकांच्या 10 टक्क्यांच्या आत असायला हवेत. स्पार्क प्लगचे रंग बघा, इग्निशन टायमिंग तपासा आणि हँडल पूर्ण ढकलल्यावर थ्रॉटल खरोखर पूर्ण उघडतो का ते इंजिनपाशी उभं राहून बघा. केबल परत जोडताना ती थोडी आखूड बसणं ही फार नेहमीची गोष्ट आहे.

पेट्रोलकडेही लक्ष द्या. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि बहुतेक आउटबोर्डच्या पुस्तिका 10 टक्क्यांपर्यंतच मुभा देतात. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या बोटीच्या टाकीत पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं. वॉटर सेपरेटर (पेट्रोलमधलं पाणी अडवणारा फिल्टर) उघडून त्यातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओता, पाणी असेल तर थर लगेच दिसतो. शिवाय इथेनॉलमुळे हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं (इंधन कमी पडतं) आणि कार्ब्युरेटर इंजिनमध्ये ते जेटिंगवर, म्हणजे इंधनाच्या भोकांच्या मापावर, येतं. इंजिन बांधून घेतलंच आहे, तर जुने फ्यूएल होजही बदलून टाका.

गिअरकेस बदलला असेल तर गिअर रेशोही बघा. प्लग काढा, गिअर टाका, फ्लायव्हील इंजिनच्या नेहमीच्या फिरण्याच्या दिशेने 10 वेळा हाताने फिरवा आणि पंखा किती फिरला ते मोजा. 5 वेळा फिरला तर रेशो 2.00. उलट दिशेने फिरवू नका, वॉटर पंपच्या इंपेलरची पाती मुडपतात.

बोट पवनेवर चालवतो, कधी ट्रेलरवर घालून मांडव्याला नेतो. एकच पंखा चालेल?

पुण्याच्या आसपासचे तलाव समुद्रसपाटीपासून साधारण 500 ते 650 मीटर उंचीवर आहेत: उजनी खाली, पानशेत वर. 600 मीटरवर हवेची घनता समुद्रकिनाऱ्यापेक्षा साडेपाच टक्क्यांच्या आसपास कमी असते आणि साधं, टर्बो नसलेलं इंजिन तेवढीच ताकद गमावतं. एप्रिल-मेच्या उन्हात आणखी थोडी जाते. फ्यूएल इंजेक्शन मिश्रण सुधारून घेतं, पण हवा वाढवू शकत नाही. कार्ब्युरेटर तर इथे जरा रिचच (हवेच्या मानाने जास्त पेट्रोल देत) चालतो.

फुल थ्रॉटलला या घटीचा फरक साधारण 100 ते 150 आरपीएम पडतो, म्हणजे 1 इंच पिचच्या आत. इथे 5900 ला जुळवलेली बोट मांडव्याला 6000 ओलांडू शकते, इथे 5700 ला जुळवलेली तिथेही रेंजमध्ये राहते. दोन्हीकडे जात असाल तर इथे 5700 धरा. कोकणातल्या मित्राने 'याच बोटीला हाच पंखा' म्हणून सुचवलेला आकडा मात्र इथे जसाच्या तसा वापरू नका, तो इथे थोडा जड पडेल.

खाऱ्या पाण्यातून परत आल्यावर पंखा काढा, शाफ्ट धुवा, ग्रीस लावा. अडकलेला पंखा काढताना शाफ्टचं जे होतं ते बघवत नाही.

तीन पाती की चार?

वेग हवा असेल आणि बोट हलकी असेल तर तीन. माणसं भरून फेऱ्या मारत असाल, स्की किंवा ट्यूब ओढत असाल तर चार. चार पात्यांचा पंखा बोट लवकर प्लेनवर आणतो, कमी वेगातही प्लेनवर धरून ठेवतो आणि वळणावर पकड सोडत नाही. त्याच पिचला तो थोडे आरपीएम खातो, म्हणून सहसा 1 इंच कमी पिच घेतात.

ॲल्युमिनियम की स्टेनलेस स्टील?

आपल्या धरणांवर माझं मत ॲल्युमिनियमच्या बाजूने आहे, आणि कारण पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पातळी उतरते तशी बुडालेल्या झाडांची खोडं, जुने बांध, गावांच्या भिंती वर येतात. उजनीत पळसदेवचं मंदिर दर काही उन्हाळ्यांनी पाण्याबाहेर दिसतं, त्याच्या आसपास न दिसणारं बरंच काही असतं. ॲल्युमिनियमचं पातं दगडाला लागलं तर मुडपतं आणि धक्का तिथेच संपतो. स्टीलचं पातं शाबूत राहू शकतं, मग हबचं (पंख्याच्या मधल्या भागातलं) रबर वाचवेल तेवढंच, नाहीतर धक्का शाफ्ट आणि गिअरपर्यंत जातो.

मोठं इंजिन, खोल पाणी, वेगाची हौस असेल तर स्टील घ्या. त्याची पाती पातळ असतात आणि लोडखाली वाकत नाहीत. मागच्या कडेला दिलेला कप (किंचित वळवलेली कड) असेल तर तो अर्धा ते 1 इंच जास्त पिचसारखा वागतो, हे हिशोबात धरा.

आरपीएम एकदम चढतो, बोट मात्र पुढे सरकत नाही.

तीन शक्यता. पहिली, हबमधलं रबर बुश सुटलंय. हब आणि बाहेरच्या नळीवर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढा, एक फेरी मारून या. रेघ तुटलेली दिसली तर बुश गेलं. दुसरी, व्हेंटिलेशन: पंखा पृष्ठभागावरची हवा ओढतोय. हे वळणावर किंवा ट्रिम जास्त वर असताना होतं. काम करताना इंजिन ट्रान्समवर (बोटीच्या मागच्या भिंतीवर) पूर्वीपेक्षा उंच बसवलं गेलं नाही ना, ते बघा. तिसरी, कॅव्हिटेशन: पात्यावर दाब इतका उतरतो की पाणी थंडच उकळतं आणि बुडबुडे फुटून धातू खातात. पात्यावर खरवडल्यासारखे खड्डे दिसतील. याची मुळं बहुधा मुडपलेल्या कडेत असतात.

आणि जलपर्णी. उजनीत ती पंख्याला गुंडाळली गेली की हीच लक्षणं दिसतात, म्हणून आधी इंजिन बंद करून तेच बघा. तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) अडकला असेल तर पंखा काढून शाफ्टभोवतीचा सगळा सोडवा. तो ऑइल सील कापतो, गिअर ऑइल पाण्यात जातं, आणि आपली बरीच धरणं लोकांच्या पिण्याच्या पाण्याची आहेत.

स्लिप म्हणजे काय? किती चालतो?

स्लिप म्हणजे पंख्याचा सैद्धांतिक वेग आणि बोटीचा खरा वेग यांतली तूट. आरपीएमला गिअर रेशोने भागा, पिचने गुणा, मग 0.001524 ने गुणा. ताशी किलोमीटरमध्ये सैद्धांतिक वेग मिळेल. 5600 आरपीएम, रेशो 2.00, पिच 17 असेल तर 72.5. जीपीएसने 63 दाखवले तर स्लिप 13 टक्के. प्लेनिंग बोटीला 10 ते 20 टक्के ठीक आहे. आकडा उणे आला, तर पिच किंवा रेशो तुम्ही समजता तो नाही.

दोन इंजिनं आहेत, त्यातलं एकच बांधलं.

आरपीएममध्ये फरक दिसेलच. तो मिटवायला दोन वेगवेगळ्या पिचचे पंखे लावू नका. नव्या इंजिनचं रनिंग-इन संपवा, मग जुन्याचं कॉम्प्रेशन मोजा. फरक मोठा असेल तर दुसऱ्या इंजिनचीही वेळ आली आहे. डाव्या-उजव्या फिरण्याचे पंखे असतील तर अदलाबदल होणार नाही याची काळजी घ्या.

आमची बोट इनबोर्ड डिझेल आहे.

मग नियम जास्त कडक. पूर्ण भरलेल्या बोटीत इंजिनने रेटेड (कंपनीने ठरवलेला) आरपीएम गाठलाच पाहिजे, 2–3 टक्के वर गेलं तर उत्तम. 2600 रेटेडचं इंजिन 2400 वर अडून काळा धूर सोडत असेल तर पंखा जड आहे. पण त्याआधी न्यूट्रलमध्ये सर्वाधिक आरपीएम बघा. फ्यूएल पंप कॅलिब्रेट करून आणला असेल आणि गव्हर्नर (आरपीएमची मर्यादा सांभाळणारा भाग) खाली बसला असेल, तर दोष तिथे आहे. पुण्यासारख्या डिझेल इंजिनांच्या गावात पंपाचं काम करणारे जाणकार मिळतात, त्यांच्याकडून लेखी टेस्ट शीट मागा.

इथे व्यासही बदलता येतो. 1 इंच व्यासाचा लोड 2 ते 3 इंच पिचइतका पडतो. पात्याचं टोक आणि बोटीचं बूड यांत व्यासाच्या 10 ते 15 टक्के अंतर ठेवा, नाहीतर बोट थरथरते. ब्राँझचा पंखा 1–2 इंचांपर्यंत री-पिच करून (पाती वळवून पिच बदलून) मिळतो.

वेल्डिंग करून सरळ केलेला पंखा चाचणीला चालेल?

तीनही पात्यांचा पिच मोजून दिला असेल तर चालेल. अंदाजाने ठोकलेला नको. त्याच्यावर छापलेल्या आकड्याला मग काही अर्थ राहत नाही.

बसवताना काय बघायचं?

किल स्विचची दोरी काढा, बॅटरी बंद करा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. स्प्लाइनवर (शाफ्टच्या खाचांवर) मरीन ग्रीस, मग थ्रस्ट वॉशर, त्याची निमुळती बाजू योग्य दिशेला. पातं आणि वरची प्लेट यांच्यात लाकडाचा ठोकळा घालून नट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. स्प्लिट पिन दर वेळी नवी घाला. पहिल्या फेरीनंतर नट पुन्हा तपासा.

दुकानदार पंखा परत घेईल का?

पाण्यात उतरवून चरा पडलेला कुणी घेत नाही. म्हणून पैसे देण्याआधी बोली करा: चाचणी झाल्यावर 2 इंच कमी किंवा जास्त बदलून मिळेल, आणि किती दिवसांत. जवळचा पिच आधी उसना मिळाला तर फारच बरं. जुना पंखा धड असेल तर विकू नका. नट, वॉशर, स्प्लिट पिन आणि पाना यांच्यासोबत बोटीतच ठेवा.

कागदपत्रांचं काही करावं लागतं का?

पंखा बदलल्याने नाही. पण कामात ब्लॉक बदलला असेल आणि इंजिन नंबर वेगळा झाला असेल, तर तो नोंदणी प्राधिकरणाला आणि विमा कंपनीला लेखी कळवा. अंतर्देशीय जलवाहतुकीला 2021 चा इनलँड व्हेसल्स ॲक्ट लागू आहे, 1917 चा जुना कायदा त्याने रद्द झाला. धरणावर चाचणीला उतरण्याआधी तिथली परवानगी घ्या, आणि ती हातात ठेवूनच निघा.